आहेत का घरात?

सपकाळ काका मधमाश्यांच्या पेटीवर आधी टकटक करत. बोट वाकवून, दोनदा, शेजाऱ्याच्या दारावर करावी तशी. मग डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायची, कान पेटीच्या लाकडाला लावायचा आणि डोळे मिटायचे. आतून एकदम गुणगुण उठली आणि लगेच विरली, की म्हणायचे, "आहेत घरात." ती विरली नाही, लांबट रडवा सूर निघत राहिला, तर आतली राणी गेली असं समजायचं. पेटी न उघडता त्यांना इतकं कळायचं. आणि एवढं कळल्यावर ते सहसा पेटी उघडायचेही नाहीत. "लोकांच्या घरात रोज उठून डोकावू नये, मास्तरीणबाई," असं त्यांचं म्हणणं.

मास्तरीणबाई म्हणजे मी. नव्वदीच्या सुरुवातीला माझ्या नवऱ्याला, विलासला, नोएडातल्या एका नव्या कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही पुणं सोडून गाझियाबादला आलो. मला पहाडगंजातल्या मराठी शाळेत जागा मिळाली. आमच्या सोसायटीच्या तीन इमारती उभ्या होत्या, चौथीचे नुसते खांब. लिफ्टच्या जागी प्रत्येक मजल्यावर एक मोठं भोक होतं आणि त्यापुढे विटा रचलेल्या. पाणी त्याच्या मर्जीनं यायचं. पण खिडकी उघडली की थेट हिंडन नदीच्या बाजूपर्यंत सरसोंची, म्हणजे मोहरीची, पिवळीधमक शेतं दिसायची. बिल्डरनं जाहिरातीत याच शेतांचा फोटो छापला होता. पुढच्या दहा वर्षांत तो स्वतःच ती शेतं खाणार आहे, हे आम्हाला तेव्हा सुचलं नाही.

सामान लावत होतो त्याच्या दुसऱ्या दिवशी दारात एक गृहस्थ उभे. पांढरी टोपी, अर्ध्या बाह्यांचा सदरा, हातात झाकलेली स्टीलची वाटी. वाटीवर टाचणीच्या टोकानं कोरल्यासारखं बारीक नाव होतं, 'सौ. सुशीला द. सपकाळ'. "नेमप्लेटवर मराठी नाव दिसलं म्हणून आलो. सातेरीचा मध आहे. बाजारातला गुळाचा पाक नाही," म्हणाले आणि वाटी देऊन गेले. दुसऱ्या दिवशी मी वाटी लख्ख घासून परत करायला गेले. काकांनी ती हातात घेतली, आत पाहिलं, मग उपडी करून पाहिलं.

"पुण्यात साखर महाग झाली काय?"

मी पुण्याची. लागायचं तिथे बरोबर लागलं. "गॅस यायचाय अजून आमचा," मी फणकाऱ्यानं म्हणाले.

"चिमूटभर साखरेला गॅस लागत नाही. वाटी रिकामी परत करायची नाही, मास्तरीणबाई. रिकामी वाटी आली की घर रिकामं होतं, असं आमची आई म्हणायची."

मागून सुशीलाकाकू म्हणाल्या, "अहो, परवाच आलीय ती. तिला आत तर येऊ द्या." पण मी तशीच घरी गेले, वाटीत साखर घातली आणि नेऊन दिली. तेव्हापासून ती वाटी आमच्या दोन घरांत सारखी जात-येत राहिली. मधाच्या बदल्यात खोबऱ्याची वडी, वडीच्या बदल्यात मेथकूट, मेथकुटाच्या बदल्यात पुन्हा मध. पाळी कुणाची, हे कुणालाच आठवायचं नाही.

काका मूळचे साताऱ्याकडचे, जावळी खोऱ्यातले. अठ्ठावीस वर्षं केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात फायली हलवल्या होत्या. सरकारी क्वार्टर सोडावं लागणार म्हणून निवृत्तीआधी त्यांनी हा फ्लॅट घेतला, आणि तो घ्यायचं खरं कारण त्याच्यावरची गच्ची होती. गावच्या सातेरी माश्यांच्या दोन पेट्या ते झेलम एक्स्प्रेसनं पुण्याहून दिल्लीला घेऊन आले होते. पेट्यांच्या दाराला जाळी ठोकलेली, वरून ओलं पोतं. ग्वाल्हेरच्या आसपास तिकीट तपासनिसानं विचारलं, "इस में क्या है? आवाज़ आ रही है." काका म्हणाले, "बच्चे हैं साहब, सो रहे हैं. जगाइए मत." मी त्यांना ओळखू लागले तोवर दोनाच्या अकरा पेट्या झाल्या होत्या आणि त्यांतल्या दोन बाहेर दिलेल्या होत्या.

कारकुनी त्यांच्या हाडात मुरली होती. प्रत्येक पेटीची एक वही. तीत शेरे असत: 'पेटी ४. राणी दिसली नाही. पुढील निरीक्षणार्थ प्रलंबित.' माश्या वाढल्या आणि वर आणखी एक मजला चढवायची वेळ आली की म्हणायचे, "यांना आता टाइप-थ्री क्वार्टर अलॉट केलं पाहिजे." सोसायटीच्या सेक्रेटरीनं गच्चीवरच्या पेट्यांबद्दल हरकतीचं पत्र पाठवलं, तेव्हा काकांनी चार पानी खुलासा दिला आणि सोबत मधाची बाटली 'परिशिष्ट अ' म्हणून जोडली. हरकत मागे घेतली गेली.

मी मराठीची मास्तरीण, म्हणून ते शब्दांवरून माझी फिरकी घेत. माश्यांच्या कुटुंबाला मराठीत वसाहत म्हणतात. आमच्या सोसायटीला मात्र त्यांनी आयुष्यात वसाहत म्हटलं नाही, तिला कॉलनी. "वसाहतीत सगळे सगळ्यांसाठी काम करतात. कॉलनीत मेंटेनन्ससुद्धा वेळेवर भरत नाहीत." एकदा मी त्यांना शाळेत नेलं. वर्गात विचारलं, पोळं म्हणजे काय? दिल्लीत वाढलेली मुलं. एक म्हणाला, बैलांचा सण. दुसरी म्हणाली, बडी वाली पोळी. मी कपाळाला हात लावला. काका म्हणाले, "रागावू नका. माश्यांची ती पोळीच आहे. त्यांचं जेवण त्यातच असतं."

माश्यांचे शत्रू त्यांनी मला रविवारी रविवारी गच्चीवर शिकवले. तारेवर बसून एकेक माशी टिपणारा वेडा राघू. दारातच दरोडा घालणारी गांधीलमाशी. मुंगळे, ज्यांच्यासाठी पेटीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत उभे केलेले. पोळ्याचं जाळं करून टाकणारा मेणकिडा. आणि मे महिन्यातली लू, जिच्यासाठी दुपारी तीनदा पोत्यांवर पाणी मारायचं. प्रत्येकाला त्यांच्याकडे उपाय होता. "शत्रू दिसतो तोवर भ्यायचं कारण नाही," असं म्हणत ते चपलेनं गांधीलमाशी चेचायचे.

पण त्यांचा सगळ्यात आवडता उद्योग वेगळाच होता. पेटीत लाकडी चौकटी असतात, त्यांत माश्या पोळं बांधतात, त्यात अंडी-अळ्या वाढतात. एखादी वसाहत अशक्त दिसली की काका एखाद्या भरल्या वसाहतीतली अळ्यांनी गच्च चौकट काढून तिला देत. चार दिवसांत नव्या माश्या बाहेर येत आणि ते घर पुन्हा गजबजे. हे बरेच माशीपाळ करतात. काकांनी त्यात स्वतःची भर घातली होती. घेणाऱ्या पेटीतलीही एक चौकट ते देणाऱ्या पेटीत नेऊन ठेवत.

"ती कशाला?" मी विचारलं होतं.

"असं कसं? वाटी रिकामी परत करायची नाही."

मी हसले. मला ते फार गोड वाटलं होतं. माश्यांचं हळदीकुंकू म्हणून मी शाळेतही सांगितलं.

रोग कुठून आला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सरसों फुलली की फिरत्या माशीपाळांचे पेट्यांनी भरलेले ट्रक येत, त्यांच्याबरोबर आला असेल. रस्त्यावरच्या झाडावर उतरलेल्या एखाद्या थव्याकडून आला असेल. फेब्रुवारीत सात नंबरची पेटी मंदावली एवढंच खरं. काकांनी टकटक केली, कान लावला आणि बराच वेळ तसेच राहिले. "आहेत. पण बोलत नाहीत," म्हणाले. अशक्त झाली असेल म्हणून त्यांनी रिवाजाप्रमाणे तीन नंबरची भरली चौकट सातला दिली आणि सातची तीनला. पुढच्या रविवारी तीन मंदावली, तेव्हा पाचची चौकट तीनला आणि तीनची पाचला. अशी त्यांनी महिनाभर एकेका पेटीची विचारपूस केली. पेरूच्या बागेत त्यागीजींना दोन पेट्या दिल्या होत्या. त्यागीजी म्हणजे ज्यांच्या शेतावर आमची सोसायटी उभी राहिली ते. काका दर रविवारी त्यांच्याकडे जात, त्याच हातांनी, चौकटी उचकायची तीच पटाशी घेऊन. त्यांनाही एक भरली चौकट नेऊन दिली आणि त्यांची इकडे आणली.

मार्चमध्ये त्यांनी मला गच्चीवर बोलावलं. चौकट उजेडाकडे धरली होती. अळ्यांच्या घरांवर मेणाची झाकणं असतात, त्यांना बारीक भोकं पडली होती. काकांनी काडेपेटीतल्या काडीनं एक अळी अलगद उचलली. ती अख्खी वर आली. आत पाणी भरलेली पिशवी, वर काळपट पडलेलं तोंड. "वास नाही, सडलेलं नाही. मरून नुसती पिशवी झालीय," ते म्हणाले. त्या रोगाला इंग्रजीत लांबलचक नाव आहे, पण काका त्याला पुढे 'पिशवी'च म्हणत राहिले.

दिल्लीत शेतकी संशोधनाची एक मोठी जागा आहे. तिथे ते चौकटीचा तुकडा घेऊन गेले. काकूंनी मला बरोबर धाडलं, "हे एकटे गेले तर ऐकून येतील आणि घरी सांगणार नाहीत." तिथली शास्त्रज्ञ बाई तरुण होती, बोलायला चांगली. भिंगातून बघितलं आणि म्हणाली, "अंकल, वायरस है. इसकी दवाई नहीं है."

"अँटिबायोटिक?"

"वायरस पे नहीं चलता, अंकल."

"कुछ तो कार्यवाही होगी," काका म्हणाले. अठ्ठावीस वर्षं सरकारात काढलेल्या माणसाला, ज्यावर कार्यवाहीच नाही अशी बाब असू शकते, हे पटत नव्हतं.

"रानी को कुछ दिन पिंजरे में रखिए, अंडे बंद होंगे. बीमार छत्ते जला दीजिए. जो बचेंगी, बचेंगी." मग कागदावर लिहिता लिहिता तिनं सहज विचारलं, "फ्रेम इधर-उधर तो नहीं किए ना, एक बक्से से दूसरे में? उसी से सबसे ज़्यादा फैलता है."

काका चौकटीच्या तुकड्यावर पुन्हा कागद गुंडाळू लागले. तिनं वर पाहिलं, आमच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा लिहायला लागली. भली होती ती. बसमध्ये काका खिडकीशी बसले. यमुनेचा पूल आला तेव्हा म्हणाले, "एकेका घरी मी स्वतः नेऊन पोचवला, मास्तरीणबाई. वाटीत घालून."

चौथ्या इमारतीच्या खांबांमध्ये खड्डा खणून त्यांनी पोळी जाळली. मेण जळतं तेव्हा वास इतका चांगला येतो की सोसायटीतली माणसं खिडक्या उघडून विचारत होती, किस के घर पूजा है? काका काठीनं एकेक चौकट आगीत सारत होते आणि वहीत लिहीत होते. राण्यांना पिंजऱ्यात ठेवलं, साखरेचा पाक पाजला, कुणी सांगितलं म्हणून त्यात हळद घातली, लसूण घातला. माश्या बिचाऱ्या मेलेल्या अळ्या ओढून ओढून दाराबाहेर टाकत होत्या. सकाळी पेट्यांपुढे त्यांचा सडा पडलेला असायचा, काकू तो मुकाट्यानं झाडायच्या. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आठ पेट्यांच्या वह्यांत शेवटचा शेरा पडला: 'प्रकरण बंद.'

त्यागीजींकडे ते स्वतः सांगायला गेले. मी बरोबर होते. बागेच्या फाटकाबाहेरच उभे राहिले, आत पाऊल टाकलं नाही. "त्यागीजी, बीमारी मैंने दी है. मेरे हाथ से आई है. माफ़ कर दीजिए."

त्यागीजी खाटेवरून उठले. "अरे सपकाळ साहब, कैसी बात करते हो! मक्खी ही तो थी. उड़ गई तो उड़ गई. आप चाय पियो."

माणूस मनापासून बोलत होता. पण काकांचा चेहरा मी पाहिला, आणि वाटलं, यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी दोन नंबरची पेटी राहिली. झेलमनं आलेल्या पहिल्या दोन पेट्यांपैकी एक, गावच्या रक्ताची. तिच्यात रोग दिसत नव्हता. इतरांच्या गडबडीत तिला चौकट द्यायची राहून गेली होती, एवढंच तिचं नशीब. काका आमच्याकडे आले, पण उंबऱ्याबाहेरच थांबले. "मास्तरीणबाई, दोन नंबर तुमच्या बाल्कनीत ठेवायची. तुमची बिल्डिंग लांब आहे. तुम्ही आणि विलासनं न्यायची, मी हात लावणार नाही. माझ्या हाताला, कपड्याला, कशाला काय चिकटलंय ते मला दिसत नाही. दिसत असतं तर चपलेनं मारलं असतं."

संध्याकाळी माश्या परतल्यावर आम्ही दोघांनी पेटी उचलली. काका वीस पावलं मागून येत सूचना देत होते. "हलवू नका. दाराशी निंबाची डहाळी लावा, म्हणजे सकाळी बाहेर पडताना थबकतील, नवं घर बघून ठेवतील." त्या दिवशी त्यांनी स्वतःची पटाशी, जाळी, हातमोजे आणि तो अर्ध्या बाह्यांचा सदरा जाळून टाकला. वाटीसुद्धा बंद झाली. मी शिरा पाठवला तो घेतला, पण वाटी परत आली नाही. "आमच्या घरातून तुमच्याकडे आता काही यायचं नाही," असा काकूंकरवी निरोप आला.

मग रोज सकाळी साडेसहाला, मी शाळेच्या गाडीसाठी निघण्याआधी, दुधाच्या बूथपाशी उभं राहून ते खालून हाक मारू लागले.

"मास्तरीणबाई! आहेत का घरात?"

मी बाल्कनीत जाऊन टकटक करायची, कान लावायची आणि वरून सांगायची, "आहेत!"

शेजारची पंजाबीण मला म्हणाली, "आप के अंकल रोज़ पूछते हैं कि आप घर पे हो कि नहीं, और आप रोज़ खुद ही जवाब देते हो?" आम्ही दोघी खूप हसलो. त्या दिवसांतलं तेवढंच हसू मला आठवतं.

आठवड्यानं काकांनी मला पेटी उघडायला लावली. डोक्यावर जाळी घालून मी चौकट वर काढली, ते खालून सांगत होते. "उजेडाकडे धरा. झाकणांना भोकं आहेत?"

"दोन."

"दोन चौकटींना?"

"नाही काका. दोन घरांना. दोनच."

त्यांनी टोपी काढून काखेत घेतली आणि थोडा वेळ तसेच उभे राहिले, जणू तिथूनच त्यांना ऐकू येणार होतं. मग राणीला पिंजऱ्यात कसं घालायचं ते सांगितलं. मी घातलं. दोन ठिकाणी डंख बसले. पुढच्या खेपेला भोकं वीस होती. त्यापुढे मी मोजली नाहीत. कुणाची चौकट नाही, कुणाचा हात नाही, तरी आला. आमच्या हातात काही उरलं नव्हतं, आणि तरी आम्ही दोघं रोज सकाळी एकमेकांना हाका मारत होतो.

अक्षय्यतृतीयेच्या सकाळी मी टकटक केली आणि आतून काहीच आलं नाही. झाकण उचललं. तळाला मूठभर मेलेल्या माश्या, कोपऱ्यात थोडा मध तसाच. बाकीच्या रोगट घर सोडून निघून गेल्या होत्या. कुठे जाणार? गच्च्या आणि सिमेंट. खालून हाक आली.

वर्गात खोटं बोलणाऱ्या मुलाला मी बाकावर उभं करत असे. मी कठड्याशी गेले आणि म्हणाले, "आहेत!"

दुसऱ्या दिवशीही म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. रोज रिकाम्या पेटीवर टकटक करायची, कान लावायची आणि सांगायची. विलास म्हणाला, "हे किती दिवस?" मला माहीत नव्हतं. काकांनी पेटी पुन्हा उघडायला कधी सांगितलं नाही, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं.

जुलैमध्ये ते दोघं गावी जायला निघाले, कायमचे. त्या गच्चीखाली राहवत नाही, म्हणाले. नवी दिल्ली स्टेशन आमच्या शाळेपासून चालत दहा मिनिटांवर. मी मधल्या सुट्टीत गेले. पुन्हा झेलमच. काका खिडकीशी बसले होते, मी फलाटावर. गाडी सुटायला थोडा वेळ होता तेव्हा त्यांनी विचारलं,

"दोन नंबर कधी रिकामी झाली?"

मला खोटं बोलवेना. "अक्षय्यतृतीयेला."

"मला वाटलंच. त्या दिवसापासून तुम्ही 'आहेत' जरा मोठ्यानं म्हणायला लागलात. खरं असतं तेव्हा माणूस हळू बोलतं."

"मग तुम्ही रोज विचारत का राहिलात?"

"तुम्ही रोज सांगत होतात ना," ते म्हणाले.

मी विषय बदलायला म्हटलं, गावी भावाकडे सातेरीच्या पेट्या आहेत, तिथे तुमचं मन लागेल. त्यांनी मान हलवली. "गावात जाईन. पेट्यांकडे जायचा नाही. एवढ्या वसाहती माझ्या हातानं गेल्या, भावाच्या तरी राहू देत." मी सांगितलं की त्या शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या होत्या, काही महिन्यांनी हाताला काही राहत नाही. ते नुसते हसले. गाडी हलली तेव्हा काकूंनी खिडकीतून वाटी पुढे केली. घासलेली, उकळत्या पाण्यातून काढलेली, कोरडी. आत काही नव्हतं. काका म्हणाले, "मुद्दाम रिकामी देतोय, मास्तरीणबाई. राग मानू नका." वाटी हातात धरून मी शाळेत परत आले. पुढचा तास व्याकरणाचा होता. मी मुलांना शांत वाचायला सांगितलं.

नंतर सात-आठ वर्षं पत्रं आली, मग मोबाइल आले. सरसोंच्या जागी आता बारा-बारा मजले झाले होते. एका सकाळी काकूंचा फोन आला. काका गेले. झोपेतच, त्रास काही झाला नाही. काकू सावरलेल्या वाटल्या, बोलायची इच्छा होती त्यांना.

"पेट्यांकडे गेले का कधी, विचारतेस? अगं, अंगणात खाटेवर बसायचे, पेट्या पलीकडं बांधाला, पंधरा पावलांवर. एवढ्या वर्षांत एकदा गेले नाहीत. सकाळी भाऊजींना विचारायचे, 'आहेत का रे घरात?' भाऊजी सांगायचे, 'हायत.' मग चहा घ्यायचे."

"शेवटी शेवटी पण विचारायचे?"

"रोज. अंथरुणावरून उठवत नव्हतं, तरी. आणि भाऊजी तरी किती गुणाचे बघ, हल्ली वर्षभर तर चांगलं मोठ्यानं सांगायचे, पार गल्लीत ऐकू जाईल असं."

मी पुढे काही विचारलं नाही. काकांनी काय ऐकलं असेल ते मला कळलं, आणि काकूंना ते कळायला नको होतं. मग काकूंनीच विचारलं, "माझी वाटी आहे ना गं तुझ्याकडं?"

"आहे," मी म्हणाले. हळूच म्हणाले.